नाडी बघणारे, घर बघणारे

दरवर्षी जून-जुलैत नाशिकमधल्या कितीतरी घरांत एकच चर्चा चालते. मुलीला किंवा मुलाला 'लोकांसाठी काहीतरी' करायचंय. बारावीला बायोलॉजी आहे. मग नर्सिंग, फिजिओथेरपी, मार्क पडले तर एमबीबीएस? की साधी पदवी घेऊन पुढे एमएसडब्ल्यू? घरातल्यांचं उत्तर बहुधा ठरलेलं असतं. नर्सिंगला नोकरी आहे. समाजकार्य काय, नंतरही करता येतं. एखादे काका तर सरळ म्हणतात, 'समाजसेवा रविवारी करायची असते.'

शहराच्या नकाशावरही हे दोन रस्ते वेगळे दिसतात. दिंडोरी रोडने म्हसरूळच्या पुढे गेलं की महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. १९९८ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ राज्यभरातल्या डॉक्टरांना, नर्सना, दंतवैद्यांना पदव्या देतं. गंगापूर रोडला मविप्र संस्थेचं समाजकार्य महाविद्यालय आहे. तिथे शिकणाऱ्यांच्या पदवीवर नाव असतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. आणि याच मविप्रचं वैद्यकीय महाविद्यालय आडगावला आहे. संस्था एक, रस्ते दोन, आणि पदवी देणारी विद्यापीठंही दोन.

मी यातल्या दुसऱ्या रस्त्याने गेले, माझी मावसबहीण पहिल्या. घरातल्या लग्नकार्यात आम्हा दोघींना एकच प्रश्न विचारला जातो: खरं उपयोगाचं काम कुणाचं? हसून सोडून देण्यासारखाच प्रश्न आहे. पण पोरंपोरी मला तो गंभीरपणे विचारायला लागली, तेव्हा मी त्याचं मूळ शोधत मागे गेले. हा प्रश्न पडलेल्या पहिल्या मराठी बायका १४० वर्षांपूर्वीच्या आहेत. त्यांच्या काळात या दोन रस्त्यांच्या मधली भिंत अजून बांधून व्हायची होती.

एका सभागृहात दोघी

११ मार्च १८८६. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. विमेन्स मेडिकल कॉलेजच्या पदवीदान समारंभात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. वय अजून एकवीसही पूर्ण नव्हतं. त्या समारंभासाठी इंग्लंडहून मुद्दाम आलेली एक पाहुणी सभागृहात बसली होती: पंडिता रमाबाई. नात्याने दोघी लांबच्या बहिणी.

आनंदीबाईंची गोष्ट आपल्याला पाठ आहे. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दगावलं, आणि बायकांसाठी बाई डॉक्टर हवी हे त्यांनी मनाशी ठरवलं. रमाबाईंच्या गोष्टीतला एक तुकडा मात्र कमी सांगितला जातो. रमाबाईंनाही डॉक्टरच व्हायचं होतं.

१८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे पुण्यात रमाबाईंची साक्ष झाली. आपल्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत आणि त्यापायी मरतात, म्हणून बायकांना वैद्यकीय शिक्षण द्या, ही मागणी त्यांनी तिथे मांडली. दुसऱ्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या, ते वैद्यकी शिकायची या इराद्याने. प्रवासाचे पैसे उभे करायला 'स्त्रीधर्मनीती' या त्यांच्या पुस्तकाची विक्री कामी आली. पण तिथे गेल्यावर अडचण आली ती कानाची. त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, आणि तो दोष वाढत होता. छातीतला आवाज ऐकल्याशिवाय वैद्यकी शिकणार कशी?

रस्ता बंद झाला, तेव्हा त्या शिकवण्याकडे वळल्या. भारतात परतून मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं: विधवांनी राहायचं, शिकायचं आणि स्वतःच्या पायावर उभं राहायचं, यासाठी. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. दुष्काळातल्या अनाथ मुलींना त्यांनी तिथे आणलं.

सभागृहातल्या त्या दोघींपैकी डॉक्टर झालेल्या आनंदीबाईंना काम करायला वर्षही मिळालं नाही. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक हातात होती, पण क्षयाने गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. डॉक्टर होऊ न शकलेल्या रमाबाईंनी त्यानंतर पस्तीस वर्षं काम केलं.

यातून 'समाजकार्य श्रेष्ठ' असं काही सिद्ध होत नाही. आनंदीबाई जगल्या असत्या तर काय झालं असतं, हा हिशेब कुणाला मांडता येणार? मला यातलं वेगळंच काही महत्त्वाचं वाटतं. बाळंतपणात मरणारी बाई आणि नवरा गेल्यावर घरातून हाकललेली बाई, या दोघींच्या दृष्टीने दोन वेगळे 'विषय' नव्हत्या. बहुतेकदा ती एकच बाई असायची. एकीने तिचं दुखणं हातात घेतलं, दुसरीने तिचं घर. कोण काय घेणार, हे आवडीइतकंच कानांनी, आयुष्याने आणि परिस्थितीने ठरवलं.

रुग्णालयातच जन्मलेलं दुसरं काम

याच काळात तिसरी एक मराठी बाई न्यायालयात उभी होती. रखमाबाई. अकराव्या वर्षी लागलेलं लग्न मी मानत नाही, या नवऱ्याकडे मी नांदायला जाणार नाही, असं त्यांनी मुंबईच्या न्यायालयात सांगितलं. १८८४ ला सुरू झालेला हा खटला चार वर्षं चालला. नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तर 'तुरुंगात जाईन' हे त्यांचं उत्तर होतं. शेवटी तडजोड झाली आणि त्या इंग्लंडला जाऊन लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये दाखल झाल्या. १८९४ ला डॉक्टर झाल्या. परत येऊन सुरत आणि राजकोट इथे त्यांनी कित्येक दशकं रुग्णालयं सांभाळली.

त्यांच्या कॉलेजच्या विद्यार्थिनी रुग्ण तपासायला शिकायच्या त्या लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये. नावातच 'फ्री'. गरिबांना फुकट उपचार. आणि याच रुग्णालयात, रखमाबाई डॉक्टर झाल्या त्याच्या पुढच्याच वर्षी, जानेवारी १८९५ मध्ये, एक नवं पद निर्माण झालं. मेरी स्टुअर्ट नावाची बाई रुग्णालयात कामाला लागली, पण ती ना डॉक्टर होती ना नर्स. तिच्या पदाला 'अल्मोनर' म्हणत. आजच्या वैद्यकीय समाजसेवकाची सुरुवात तिच्यापासून मोजतात.

तिला नेमण्यामागचं कारण फारसं उदात्त नव्हतं. ऐपत असलेले लोकही फुकट उपचार घेतात असा संशय होता, आणि ते शोधून काढायचं काम तिच्यावर सोपवलं गेलं. थोडक्यात, पिवळं रेशनकार्ड खरं की खोटं ते बघ! पण ती माणसांशी बोलायला लागली, आणि तिला दुसरंच दिसायला लागलं. फसवणारे थोडे होते. औषध घेऊन घरी गेल्यावर ते लागू पडावं अशी परिस्थितीच नसलेले खूप होते. डॉक्टर सांगतो 'दूध प्या', आणि घरात भाकरीचे वांधे. अशा माणसांना मदत करू शकेल अशा संस्थांशी जोडून देणं, हे मग तिचं खरं काम झालं.

दहा वर्षांनी, १९०५ मध्ये, अमेरिकेतल्या बॉस्टनला मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी हेच केलं. त्यांची अडचण डॉक्टरची अडचण होती. रुग्ण पुन्हा पुन्हा त्याच तक्रारी घेऊन येतात, आणि तो राहतो कुठे, खातो काय, काम काय करतो हे मला ठाऊकच नाही. मग माझं निदान पुरं कसं? त्यांनी बाह्यरुग्ण विभागात समाजकार्यकर्ती नेमली. पुढे आयडा कॅनन यांनी तो विभाग कित्येक वर्षं चालवला. त्या मूळच्या नर्स होत्या. म्हणजे या नव्या व्यवसायाची एक मोठी शिल्पकार नर्सिंगच्या दारातून आत आली होती.

हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. समाजकार्य रुग्णालयाबाहेर कुठेतरी वाढलं आणि नंतर आत आलं, असं आपण समजतो. त्याची एक मोठी शाखा रुग्णालयाच्याच पोटातून निघाली, ती डॉक्टरला एकट्याने रुग्ण बरा करता येईना म्हणून.

प्लेगमधली आई आणि मुलगा

आता आपल्याकडे येऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सापडला. पुढच्या वर्षी पुणे. नाशिक जिल्हाही सुटला नाही. भगूरला सावरकर भावंडांचे वडील १८९९ मध्ये प्लेगनेच गेले.

पुण्याच्या प्लेगबद्दल शाळेत जे शिकवतात त्यात रँड असतो, चापेकर असतात. त्याच महिन्यांतली दुसरी गोष्ट सावित्रीबाई आणि यशवंत यांची. यशवंत हा फुले दांपत्याने दत्तक घेतलेला मुलगा, काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा. फुल्यांनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, त्यातून तो त्यांच्या घरात आला. तो डॉक्टर झाला आणि लष्करात नोकरीला लागला. प्लेग पसरला तेव्हा सावित्रीबाईंनी त्याला बोलावून घेतलं. हडपसरजवळ ससाणे मळ्यात त्याने दवाखाना सुरू केला.

त्या दवाखान्यात रुग्ण कोण आणायचं? त्या काळी घरात प्लेगचा रुग्ण असणं लपवलं जायचं. सक्तीच्या झडत्या आणि छावण्या यांची धास्ती होती. आणि दलित वस्तीतल्या रुग्णाला हात लावायला तर कुणी तयार नसायचं. हे काम सावित्रीबाईंनी स्वतःकडे घेतलं. वय साठीच्या पुढे. मुंढव्याच्या महारवाड्यातून गायकवाडांच्या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात आणलं, असं त्यांची चरित्रं सांगतात. त्या संसर्गातून त्यांना प्लेग झाला. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण कामाची वाटणी म्हणूनही ती बघावी. डॉक्टर मुलगा दवाखान्यात थांबला, कारण त्याचं तिथे असणं गरजेचं होतं. आई वस्तीत गेली, कारण त्या वस्तीत तिच्यावर विश्वास होता. तो विश्वास प्लेगच्या आठवड्यात तयार झालेला नव्हता. त्यामागे पन्नास वर्षांचं काम होतं: शाळा, दुष्काळातली अन्नछत्रं, घरातला सगळ्यांना खुला केलेला पाण्याचा हौद. आईशिवाय दवाखान्याच्या खाटा रिकाम्या राहिल्या असत्या, आणि मुलाशिवाय आईने रुग्ण आणून ठेवले असते कुठे?

गंगापूर रोडच्या समाजकार्याच्या मुलांच्या पदवीवर याच बाईचं नाव आहे. म्हसरूळच्या विद्यापीठाच्या पदवीवरही ते शोभलं असतं.

सेवा आणि पगार

इथे नाशिकशी नातं असलेली आणखी एक बाई येते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे निफाडचे. १८ जानेवारी १८४२ ला तिथेच जन्मले. १८७८ च्या सुमारास त्यांची बदली नाशिकला झाली तेव्हा सोबत तरुण रमाबाई होत्या. त्यांचं पहिलं जाहीर भाषण नाशिकच्या शाळेत झालं आणि ते रानड्यांनी लिहून दिलेलं होतं, असं सांगतात. त्याच रमाबाई रानडे पुढे, नवरा गेल्यानंतर, पुण्यात सेवासदनच्या आधारवड झाल्या. मुंबईत १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढलं होतं. १९०९ मध्ये पुण्यात ते रानड्यांच्या वाड्यात सुरू झालं.

सेवासदन ही समाजसेवेची संस्था. पण तिने केलेल्या कामांत एक मोठं काम आरोग्यातलं होतं: घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या मुलींना आणि विधवांना नर्सिंगकडे वळवणं. ससून रुग्णालयात त्यांच्या शिक्षणाची आणि राहण्याची सोय करणं. आज नर्सिंग म्हणजे 'नोकरीची हमी'. तेव्हा परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, रात्रपाळी करायची, जातपात न बघता मलमूत्र उचलायचं, हे ऐकूनच घरं हादरत. आज समाजकार्याला जसं 'त्यात काय भवितव्य' म्हणतात, त्याहून वाईट शब्द तेव्हा नर्सिंगला वापरले जात.

मग शंभर वर्षांत नर्सिंग 'सुरक्षित करिअर' कसं झालं? बायकांचा सेवाभाव वाढला म्हणून नक्कीच नाही. नर्सिंगला अभ्यासक्रम मिळाला, परीक्षा मिळाली, नोंदणी मिळाली. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद आली. नोंदणी नसलेल्या व्यक्तीला नर्स म्हणून नेमता येत नाही, म्हणून नर्सच्या कामाला किंमत आली. ती पुरेशी आहे असं नाही. कंत्राटी नर्सचा पगार ऐकला तर कळेल. पण भांडायला पायाखाली जमीन आहे.

समाजकार्याला तशी जमीन फार उशिरा आणि तुकड्यातुकड्याने मिळत गेली. १९३६ मध्ये मुंबईत क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. आज आपण त्याला टिस म्हणतो. दहा वर्षांनी, १९४६ मध्ये, जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. तिने डॉक्टरबद्दल वापरलेली कल्पना होती 'सामाजिक वैद्य' अशी: रोगाच्या मुळाशी असलेली परिस्थिती ओळखणारा डॉक्टर. म्हणजे एकाच वर्षात एकीकडे समाजकार्य रुग्णालयात शिरत होतं, आणि दुसरीकडे देशाच्या आरोग्याचा आराखडा डॉक्टरला रुग्णालयाबाहेर बघायला सांगत होता.

सरकारी रुग्णालयात आजही एक पाटी दिसते: 'समाजसेवा अधीक्षक'. बहुतेक लोकांना ती दिसते ती बिल माफ करून घ्यायची वेळ आली की. बेवारस रुग्णाचं घर शोधणं, अत्याचार झालेल्या मुलीसोबत बसणं, दाखल्यांसाठी तहसील कचेरीत फोन लावणं, हेही त्याच पाटीमागे चालतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयांत 'आरोग्यमित्र' बसतात, त्यांच्याही कामाचा मोठा भाग हाच: आजार आणि कागद यांची गाठ घालून देणं.

पेठ-सुरगाण्याच्या बाजूने बघितलं तर

नाशिक जिल्ह्याचा पश्चिम भाग, पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, आदिवासी भाग आहे. पावसाळा संपला की इथली कितीतरी कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागा, वीटभट्ट्या, नाशिकची बांधकामं.

समजा, अशा एका बाईला क्षय झाला. बेडका तपासला, औषध सुरू झालं. साधा क्षय असेल तर किमान सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी दवाखान्यात फुकट. दोन महिन्यांत तिला बरं वाटायला लागतं, आणि नेमकी त्याच वेळी छाटणीची कामं निघतात. ती मुक्काम हलवते. गोळ्या सुटतात. जंतू औषधाला दाद देईनासे होतात. पुढचा उपचार लांबतो आणि अवघड होतो.

यात डॉक्टर कुठे कमी पडला? निदान बरोबर, औषध बरोबर. कमी पडलं ते तिच्यामागे जाणारं कुणीतरी: बाग कुठली, मुकादम कोण, तिथलं जवळचं आरोग्य केंद्र कुठलं, हे विचारून तिच्या गोळ्या तिथे पोचवणारं. क्षयरुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून पैसे मिळतात. २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये. ते थेट बँक खात्यात जमा होतात. खातंच नसेल, किंवा आधार जोडलेलं नसेल, तर? हा प्रश्न कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात नाही, पण त्याचं उत्तर मिळालं नाही तर ती औषध उपाशीपोटी घेणार.

कुपोषित मुलाचंही तेच. मूल दाखल करायचं तर आईला सोबत राहावं लागतं, आणि आई राहिली की तिची रोजंदारी बुडते. घरी दुसरी दोन लेकरं असतात. म्हणून सरकारी योजनांत 'बुडीत मजुरी' नावाची रक्कम आली. मला हा शब्द फार आवडतो. औषधाच्या चिठ्ठीवर तो कधी लिहिला जाणार नाही, पण मूल खाटेवर टिकण्यासाठी सलाइनइतकाच तो लागतो.

या दोन कामांच्या मधोमध उभी राहणारी व्यक्ती तयार करायचे प्रयत्न देशाने पुन्हा पुन्हा केले. २ ऑक्टोबर १९७७ ला गावोगावी आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना सुरू झाली. तीन महिन्यांचं प्रशिक्षण आणि महिना ५० रुपये. ती काही वर्षांत विरत गेली. दिंडोरीत काम केलेल्या डॉ. शाम अष्टेकरांसारख्या डॉक्टरांनी गावातल्या अशा कार्यकर्त्यासाठी मराठीत आरोग्याचं लेखन केलं, कारण त्याच्या हातात समजेल असं पुस्तकच नव्हतं. मग २००५ मध्ये आशा आल्या. 'आशा' या नावाचा मूळ इंग्रजी विस्तार बघा: त्यात आरोग्यही आहे आणि सामाजिकही. एकाच बाईच्या पदनामात दोन्ही करिअर.

आणि तिला काय मिळतं? पगार नाही, मानधन. ती नोकर नाही, 'स्वयंसेविका'. मानधन वाढावं म्हणून महाराष्ट्रातल्या आशांना गेल्या काही वर्षांत अनेकदा संपावर जावं लागलं. कोविडमध्ये घरोघरी ताप मोजत फिरल्या त्या याच. सावित्रीबाई पाठीवर रुग्ण घेऊन निघाल्या त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. वस्तीतून दवाखान्यापर्यंतचं ते अंतर अजूनही एक बाईच चालतेय, आणि त्या चालण्याचा दर लावताना आपण अजून 'सेवा' हा शब्द पुढे करतो.

मग निवडायचं कसं?

इतिहासातून करिअरचा सल्ला काढणं धोक्याचं, तरी काही गोष्टी मला आता स्पष्ट दिसतात.

'जास्त मदत कुठे होते' हा प्रश्न सोडून द्यावा. त्याचं उत्तर आनंदीबाई आणि पंडिता रमाबाई यांच्यातही देता येत नाही. त्याऐवजी माणूस आपल्याला कुठल्या क्षणी भेटणार आणि किती काळ सोबत राहणार, हे विचारावं. माझ्या बहिणीला रुग्ण भेटतो तो सर्वांत वाईट रात्री. पाच दिवसांनी तो चालत घरी जातो, आणि बहुतेकदा पुन्हा दिसत नाही. तिला हे आवडतं. काम संपल्याचं तिला कळतं. माझ्या कामात एक कुटुंब तीन वर्षं समोर असतं. मुलगी पुन्हा शाळेत जायला लागते, मग बाप पुन्हा प्यायला लागतो, मग आई पुन्हा फोन करते. 'बरं झालं' असा शिक्का मारायचा दिवस येतच नाही. ज्याला हे सहन होत नाही त्याने या रस्त्याला येऊ नये, मन कितीही मोठं असो.

चूक कशी दिसते, हेही बघावं. नर्सने डोस चुकवला तर तासाभरात कळतं आणि कुणाच्या तरी जिवावर बेततं. पाळी संपल्यावरही तिच्या डोक्यात आकडे फिरत असतात. समाजकार्यात चूक वर्षभर दिसत नाही. चुकीच्या नातेवाइकाकडे पाठवलेलं मूल गप्प राहतं. दोन्ही ओझी जड आहेत. आपल्याला कुठलं पेलेल, हे आपल्यालाच ठाऊक असतं.

आणि पैशाचं उघड बोलावं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, त्यानंतर नोंदणी आणि ठरलेली पदं. एमएसडब्ल्यू पदवीनंतर दोन वर्षांचं, कुठल्याही शाखेतून येता येतं, आठवड्यातले ठरावीक दिवस क्षेत्रकार्यात जातात. पुढे बरीच कामं प्रकल्पाच्या मुदतीची आणि कंत्राटी. हे कमीपणाचं नाही, पण निवडण्याआधी घरच्या कर्जाच्या हप्त्याशेजारी मांडून बघण्याचं आहे. सेवेचा अर्थ 'कमी पगार' असा लावणाऱ्यांना रमाबाई रानड्यांचं सेवासदन दाखवावं. नावात सेवा होती, आणि खटाटोप सगळा बाईच्या हातात स्वतःची कमाई यावी यासाठी होता.

निवड कायमची असते, असंही नाही. नर्सिंग करून पुढे सार्वजनिक आरोग्यात जाता येतं. एमएसडब्ल्यू करताना वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्य हा विषय घेऊन रुग्णालयात काम करता येतं. आयडा कॅनन नर्सिंगमधून समाजकार्यात गेल्या. पंडिता रमाबाई वैद्यकीच्या दारावरून परत फिरल्या आणि त्यांनी दुसरं दार बांधलं.

भिंतही हलायला लागली आहे. २०२१ मध्ये संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टात ज्या व्यवसायांची यादी आहे त्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, लॅब तंत्रज्ञ आहेत, आणि त्याच यादीत वैद्यकीय समाजकार्यकर्ते आणि मनोविकार समाजकार्यकर्तेही आहेत. मेरी स्टुअर्ट रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये कामाला लागली त्यानंतर १२६ वर्षांनी आपल्या कायद्याने मान्य केलं की घर बघणारा माणूसही आरोग्यसेवेतलाच आहे.

आता बघायचं ते एवढंच, की या यादीतून नोंदणी, पदं आणि पगार किती लवकर खाली उतरतात. पुढच्या जूनमध्ये नाशिकच्या एखाद्या घरात हा प्रश्न निघेल, तेव्हा त्या मुलीला काकांपुढे ठेवायला निदान एक कायदा आहे. नर्सिंगला तोही मिळायला चाळीस वर्षं भांडावं लागलं होतं.